संघातला खेळाडू जायबंदी झाला, तर गुण कुणाचे?

क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणाला बदली खेळाडू येतो, फुटबॉलमध्ये राखीव खेळाडू मैदानात उतरतो आणि खेळ पुढे चालू राहतो. गोल्फमध्ये तसे होत नाही. ज्याच्या नावावर फेरी, म्हणजे सहसा अठरा होलचा (चेंडू एकेका खळग्यात घालण्याच्या टप्प्यांचा) खेळ, सुरू झाली, त्यानेच ती संपवायची, अशी या खेळाची मूळ रचना आहे. त्यामुळे हौशी संघांच्या स्पर्धेत एखाद्याच्या पाठीत उसण भरली, मनगट दुखावले किंवा उतारावर पाय मुरगळला, की दोन प्रश्न एकदम उभे राहतात. त्या खेळाडूने पुढे काय करायचे हा पहिला प्रश्न, आणि त्याच्या वाट्याचे गुण कुणाला द्यायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गोल्फच्या नियमांत बऱ्यापैकी मिळते. दुसऱ्याचे उत्तर बहुतांशी स्पर्धेच्या कमिटीवर सोपवलेले आहे, आणि वादाला तोंड फुटते ते तिथेच.

आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था मिळून गोल्फचे नियम ठरवतात. त्यांतला चोविसावा नियम सांघिक स्पर्धांविषयी आहे आणि तो अगदी आटोपशीर आहे. सामना जिंकल्यास किती गुण, बरोबरी झाल्यास किती, संघातील किती जणांचे स्कोअर धरायचे, एकूण निकाल बरोबरीत सुटू शकतो की नाही, हे सारे स्पर्धेच्या अटींमध्ये कमिटीने ठरवावे, असे तो सांगतो. खेळाडू जायबंदी झाला तर संघाच्या गुणांचे काय, हेही त्या अटींतच यायला हवे. अटी गप्प असतील तर निर्णय ऐन वेळी घ्यावा लागतो, आणि तेव्हा कोणत्या निर्णयाचा फायदा कोणत्या संघाला होणार हे सगळ्यांना आधीच दिसत असते. अशा वेळी दिलेला निर्णय कितीही प्रामाणिक असला, तरी तो तसा वाटत नाही.

आधी फेरीच्या मध्येच झालेल्या दुखापतीचा विचार करू. खेळाडूने विनाकारण वेळ काढू नये असा नियम असला, तरी दुखापत किंवा अचानक आलेले आजारपण हे थोडा वेळ थांबण्याचे रास्त कारण मानले जाते. उन्हाचा त्रास झाला, मधमाशी चावली किंवा दुसऱ्याचा चेंडू लागला, तर कमिटीने सावरण्यासाठी साधारण पंधरा मिनिटांपर्यंत वेळ द्यावा, असे नियमांच्या अधिकृत स्पष्टीकरणात म्हटले आहे. ही मुभा प्रत्येक होलवर नव्याने मिळत नाही. त्याच दुखण्यावर पुन्हा पुन्हा उपचार घ्यावे लागले, तरी संपूर्ण फेरीत त्यासाठी लागलेला एकूण वेळ साधारण याच मर्यादेत राहावा, अशी अपेक्षा आहे. दुखऱ्या मनगटावर चिकटपट्टी लावायलाही हरकत नाही. फक्त ती गरजेपेक्षा जास्त गुंडाळून स्विंगला आधार मिळेल इतकी घट्ट करायची नाही. मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकत खेळल्या जाणाऱ्या समोरासमोरच्या सामन्यात, आणखी एक सोय आहे. दोन्ही बाजूंनी परस्पर संमतीने खेळ थांबवता येतो, पण त्यामुळे पूर्ण स्पर्धेला उशीर होता कामा नये, आणि दोघांपैकी एकाने पुन्हा खेळायचे म्हटले की ती संमती तिथेच संपते.

पंधरा मिनिटांनंतरही खेळाडू उभा राहू शकत नसेल, तर पुढे काय होणार हे खेळाच्या प्रकारावर अवलंबून असते.

सर्वांत कठोर प्रकार फोरसमचा. यात दोन जोडीदारांचा एकच चेंडू असतो आणि ते आळीपाळीने फटके मारतात. चुकीच्या जोडीदाराने फटका मारला, तर मॅच प्लेमध्ये तो होल जातो आणि स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात, दोन फटक्यांचा दंड बसतो. साहजिकच एकट्याने फोरसम खेळण्याचा मार्गच उरत नाही. जोडीदार जायबंदी झाला की मॅच प्लेमध्ये सामना सोडून द्यावा लागतो आणि स्ट्रोक प्लेमध्ये जोडीला माघार घ्यावी लागते. दुसरा जोडीदार ठणठणीत असला, तरी त्याच्या हातात काहीही उरत नाही. म्हणून ज्याचे दुखणे फेरीत उलटण्याची शक्यता आहे, त्याला कॅप्टनने फोरसममध्ये घालू नये, असे मला वाटते.

फोरबॉलमध्ये चित्र पूर्ण वेगळे असते. इथे दोन्ही जोडीदार आपापला चेंडू खेळतात आणि प्रत्येक होलवर दोघांपैकी चांगला स्कोअर बाजूच्या खात्यात जातो. नियम २३.४ नुसार संपूर्ण फेरीत किंवा तिच्या काही भागात एकच जोडीदार बाजूचे प्रतिनिधित्व करू शकतो. याचा एक उपयोग अनेकांच्या लक्षात येत नाही. दुखावलेला खेळाडू चार-पाच होल नुसता चालत राहू शकतो, बर्फ लावू शकतो, आणि बरे वाटल्यास पुन्हा खेळू शकतो. मात्र परतायचे ते दोन होलच्या मध्येच. मॅच प्लेमध्ये त्या होलवर कोणत्याही खेळाडूने सुरुवात करण्याआधी आणि स्ट्रोक प्लेमध्ये दोन्ही जोडीदारांपैकी एकानेही सुरुवात करण्याआधी तो हजर असला पाहिजे. उशीर झाला तर त्या होलवर तो खेळू शकत नाही, पण जोडीदाराला सल्ला द्यायला त्याला मनाई नाही.

फोरबॉल मॅच प्लेमध्ये हँडिकॅपची, म्हणजे कमकुवत खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांची, एक गाठ असते, आणि ती सोडवताना अनुभवी कॅप्टनही चुकतात. या प्रकारात चौघांपैकी ज्याचा प्लेइंग हँडिकॅप सर्वांत कमी, त्याला शून्य धरून बाकीच्यांना फरकाइतके फटके दिले जातात. समजा एका बाजूला ४ आणि १५ हँडिकॅपचे खेळाडू आहेत, दुसऱ्या बाजूला ११ आणि २० चे, आणि ४ हँडिकॅपवाला खेळाडू दुखापतीमुळे आलाच नाही. आता पाया ४ चा धरायचा की हजर असलेल्यांपैकी सर्वांत कमी, म्हणजे ११ चा? जागतिक हँडिकॅप पद्धतीचे उत्तर असे, की गैरहजर खेळाडू हजर आहे असे समजूनच हिशोब करायचा. म्हणजे १५ वाल्याला ११ फटके, ११ वाल्याला ७ आणि २० वाल्याला १६.

यावर कुणी म्हणेल, की पाया कोणताही घेतला तरी उरलेल्या तिघांतला फरक तेवढाच राहतो, मग एवढी चर्चा कशासाठी? आकड्यांतला फरक तेवढाच राहतो हे खरे, पण होल बदलतात. फटके मिळतात ते होलच्या स्ट्रोक इंडेक्सप्रमाणे, म्हणजे सवलतीचे फटके देण्यासाठी होलना ठरवून दिलेल्या क्रमाप्रमाणे, इंडेक्स एकपासून पुढे. पाया ४ चा असताना १५ वाल्याला ११ वाल्यापेक्षा जास्तीचे चार फटके इंडेक्स ८ ते ११ च्या होलवर मिळतात. पाया ११ चा धरला तर तेच चार फटके इंडेक्स १ ते ४ च्या होलवर मिळाले असते. सामन्याचा निकाल एखाद्या होलच्या फरकाने लागणार असेल, तेव्हा हा बदल किरकोळ राहत नाही. शिवाय गैरहजर खेळाडू पाचव्या होलला लंगडत का होईना येऊन खेळायला लागू शकतो, कारण नियम त्याला ती मुभा देतो. तसे झाले तर फटक्यांचा तक्ता मध्येच बदलणे शक्य नसते. म्हणून पाया पहिल्यापासून त्याचाच ठेवलेला बरा.

एकेरी मॅच प्लेमध्ये फार गुंतागुंत नाही. खेळता येत नसेल तर खेळाडू सामना सोडून देतो, आणि एकदा सोडलेला सामना परत मागता येत नाही. प्रश्न येतो तो गुणांच्या वाटणीचा. काही स्पर्धांमध्ये पहिल्या नऊ होलसाठी एक गुण, पुढच्या नऊसाठी एक आणि पूर्ण सामन्यासाठी एक, असे तीन गुण असतात. पहिल्या नऊमध्ये आघाडी घेतलेला खेळाडू तेराव्या होलवर जायबंदी झाला, तर तो आधी कमावलेला गुण राखतो की तिन्ही गुण जातात? पहिल्या नऊ होलचा सामना रीतसर खेळून संपलेला असल्याने तो गुण त्याच्याकडे राहावा, हेच मला सुसंगत वाटते. पण हेही अटींमध्ये शब्दांत लिहिलेले असावे.

खेळाडू फेरीआधीच जायबंदी असेल, तर प्रश्न यादीचा होतो. आठ एकेरी सामन्यांच्या लढतीत दोन्ही कॅप्टन आपापल्या खेळाडूंची क्रमवार यादी देतात, आणि एकाचा पहिला दुसऱ्याच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, असे सामने लागतात. याद्यांची देवाणघेवाण होण्याआधी तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू बाद झाला आणि राखीव कुणी नसेल, तर रीत अशी, की चौथ्यापासून सर्वांनी एक पायरी वर सरकायचे आणि शेवटचा, आठवा सामना सोडून द्यायचा. तिसरी जागा तशीच रिकामी ठेवू दिली, तर काय होईल? एखादा चतुर कॅप्टन आधीपासून जायबंदी असलेल्या खेळाडूचे नाव मुद्दाम पहिल्या क्रमांकावर लिहील. प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत भक्कम खेळाडू त्या रिकाम्या जागेसमोर वाया जाईल, आणि कॅप्टनच्या बाकी सात जणांना तुलनेने सोपे सामने मिळतील. कागदावर तो एक गुण गमावेल, पण त्या बदल्यात दोन मिळवील. शेवटचा सामना सोडण्याची रीत ही पळवाट बंद करते.

याद्या एकमेकांच्या हाती गेल्यावर मात्र वर सरकण्याची मुभा देता येत नाही, कारण आता समोर कोण आहे हे कॅप्टनला माहीत झालेले असते. अशा वेळी ती जागा आहे तिथेच राहते. तिथे बदली खेळाडू येऊ द्यायचा असेल, तर त्याचा हँडिकॅप मूळ खेळाडूच्या हँडिकॅपइतका किंवा त्याहून कमी असावा, अशी अट घालता येते, म्हणजे जास्तीचे फटके मिळवण्यासाठी कुणी खेळाडू बदलणार नाही. बदली मिळाला नाही तर तो सामना प्रतिस्पर्ध्याला द्यावा. पूर्ण हँडिकॅपवर खेळ होणार असेल, तर ही अट बहुतेक वेळा पुरेशी ठरते. हँडिकॅपविना खेळणाऱ्या संघांत मात्र ती उलटी लागू करावी लागेल, कारण तिथे चांगला खेळाडू आणणे हाच फायदा असतो.

या विषयावर बोलताना रायडर चषकातल्या लिफाफ्याचा उल्लेख टाळता येत नाही. ती स्पर्धा युरोप आणि अमेरिकेच्या व्यावसायिकांची, पण तिच्यातली पद्धत हौशी स्पर्धांमध्येही वारंवार सुचवली जाते. एकेरीच्या दिवशी बाराही खेळाडूंना उतरावे लागते. त्यामुळे दोन्ही कॅप्टन एकेका खेळाडूचे नाव बंद लिफाफ्यात देऊन ठेवतात. समोरच्या संघातला कुणी जायबंदी झाला, तर लिफाफ्यातला खेळाडूही बसतो, तो सामना बरोबरीत सुटला असे मानतात आणि दोन्ही संघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो. १९९१ मध्ये कियावा आयलंडला अमेरिकेच्या स्टीव्ह पेटमुळे हा लिफाफा उघडला आणि युरोपचा डेव्हिड गिलफर्ड बाहेर बसला. १९९३ मध्ये बेलफ्रीला युरोपचा सॅम टॉरन्स पायाच्या बोटाच्या दुखण्याने बाद झाला, तेव्हा अमेरिकेच्या लॅनी वॉडकिन्सने स्वतःहून आपले नाव लिफाफ्यात घालायला सांगितले होते. २०२५ मध्ये बेथपेज ब्लॅक मैदानावर युरोपच्या व्हिक्टर होवलँडची मान धरली आणि अमेरिकेच्या हॅरिस इंग्लिशला न खेळता अर्ध्या गुणावर समाधान मानावे लागले. युरोपने ती स्पर्धा १५-१३ अशी जिंकली, आणि अमेरिकेचा कॅप्टन कीगन ब्रॅडली याने हा नियम बदलायला हवा, अशी जाहीर भूमिका घेतली.

ब्रॅडलीचा आक्षेप चुकीचा नव्हता. खेळायला सज्ज असलेल्या खेळाडूला बसवून न खेळणाऱ्याइतकेच गुण देणे, हे कुणालाही खटकेल. तरीही त्या स्पर्धेत या तोडग्याला काही आधार आहे: संघ ठरावीक बारा जणांचा असतो, बदली आणता येत नाही आणि एका दुखापतीमुळे दोन वर्षांच्या तयारीचा निकाल फिरू नये, असा त्यामागचा विचार आहे. हौशी लढतींत यातले फारसे काही लागू होत नाही. तिथे राखीव खेळाडू मिळू शकतात, दुखणी रोजची असतात, आणि न खेळता अर्धा गुण मिळणार असेल, तर सकाळी अंग जड वाटणाऱ्या दुबळ्या खेळाडूला घरी ठेवण्याचा मोह कॅप्टनला होईल. मग दुखापत खरी होती का, हे तपासण्याची वेळ कमिटीवर येते. हौशी कमिटीने डॉक्टरचा दाखला मागत बसावे, यासारखा अप्रिय प्रकार नाही. दुखापत खरी की खोटी हा प्रश्न विचारावाच लागू नये, अशी अट लिहिणे हे माझ्या मते यातले खरे कौशल्य आहे. गैरहजेरीतून कुणालाही फायदा होणार नसेल, तर खोटे सांगण्याचे कारणच उरत नाही.

स्ट्रोक प्लेच्या सांघिक स्पर्धांमध्ये हाच विचार आकड्यांतून साधता येतो. चार खेळाडूंपैकी तिघांचे चांगले स्कोअर धरायचे असे ठरले, की एकाच्या दुखापतीची तरतूद आपोआप होते. उरलेल्या तिघांचे स्कोअर धरले जातात आणि संघ स्पर्धेत राहतो. गमावतो तो फक्त एखाद्याचा वाईट दिवस पोटात घालण्याची सोय. हौशी पुरुष संघांच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे १९५८ मध्ये सेंट अँड्र्यूजला सुरू झालेल्या आयझेनहॉवर चषकात, पूर्वी संघात चौघे असत आणि रोज तिघांचे स्कोअर धरले जात. २००२ पासून संघ तिघांचा झाला आणि दोघांचे स्कोअर धरले जाऊ लागले. दोन्ही रचनांत एकच जागा मोकळी राहते, पण तीन जणांच्या संघात एक जण बाद झाला, की उरलेल्या दोघांच्या प्रत्येक फटक्यावर भार येतो.

सर्वांचेच स्कोअर धरण्याच्या स्पर्धेत मात्र एकाने फेरी सोडली की पूर्ण संघ कोलमडतो, कारण स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक होल पूर्ण केल्याशिवाय स्कोअरला अर्थ नसतो. अशी स्पर्धा भरवणाऱ्यांनी स्टेबलफोर्ड पद्धतीचा विचार करावा. तिथे पारला (ठरलेल्या फटक्यांत होल संपवल्यास) दोन, बर्डीला (एक फटका कमी) तीन, बोगीला (एक फटका जास्त) एक असे होलनिहाय गुण मिळतात आणि न संपवलेल्या होलला शून्य. दहा होलमध्ये १९ गुण मिळवून खेळाडू थांबला, तर ते १९ गुण संघाकडे राहतील, एवढे एक वाक्य अटींमध्ये घातले की पुरते.

काही ठिकाणी अपुऱ्या संघासाठी चिठ्ठी टाकून दुसऱ्या संघातल्या एखाद्या खेळाडूचा स्कोअर उसना घेतात. मौजेच्या सामन्यांत हे चालून जाते, पण ज्या स्पर्धेत चषक किंवा क्रमवारी पणाला आहे तिथे नशिबाला एवढी जागा देऊ नये. त्यापेक्षा गैरहजर खेळाडूने आपल्या हँडिकॅपप्रमाणे सगळीकडे पार केला, असे मानून स्टेबलफोर्डचे ३६ गुण देण्याची कल्पना नीटनेटकी दिसते, पण तिच्यात एक खोच आहे. बहुतेक हौशी खेळाडू बहुतेक दिवशी ३६ पेक्षा कमी गुण करतात. म्हणजे काल्पनिक खेळाडू खऱ्या खेळाडूपेक्षा सरस ठरतो, आणि पुन्हा त्याच मोहाला वाट मिळते.

स्क्रॅम्बलमध्ये संघातले सगळे फटका मारतात आणि त्यांतला सर्वांत चांगला चेंडू निवडून पुढे खेळतात. या प्रकाराचे स्वतंत्र नियम नियमपुस्तकात नाहीत, त्यामुळे तिथे कमिटीचा शब्द अखेरचा. एकच अडचण सांगतो. चौघांपैकी प्रत्येकाचे किमान तीन ड्राइव्ह, म्हणजे होलचे सुरुवातीचे फटके, वापरलेच पाहिजेत अशी अट असते, आणि एक जण सहाव्या होलवर एकच ड्राइव्ह वापरला गेलेला असताना थांबतो. त्याचे उरलेले दोन ड्राइव्ह आणायचे कुठून? संघाला तेवढी सूट द्यावी, पण त्याच्या जागी जास्तीचा फटका देऊ नये. तीन चेंडूंतून निवड करणे हे चार चेंडूंतून निवडण्यापेक्षा अवघड असल्याने सूट देऊनही संघ फायद्यात राहत नाही.

जायबंदी खेळाडू स्वतः मैदानावर थांबू शकत असेल, तर संघाला त्याचा उपयोग आहे. तो सहकाऱ्याचा कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस, होऊ शकतो, आणि कॅडी म्हणून सल्लाही देऊ शकतो. नुसता सहकारी म्हणून बाजूने चालताना मात्र तो दुसऱ्याला कोणती काठी (क्लब) घ्यावी हे सुचवू शकत नाही, कारण संघातल्या खेळाडूंना, ते जोडीदार असल्याशिवाय, एकमेकांना सल्ला देण्याची परवानगी नसते. कमिटीने मुभा दिली असेल, तर संघ त्याला सल्लागार म्हणूनही नेमू शकतो.

उरतो तो परतीचा प्रश्न. सहा-आठ महिन्यांनी खेळाडू मैदानावर येतो तेव्हा त्याच्या नावावर जुना, चांगल्या दिवसांतला हँडिकॅप असतो, आणि खांदा अजून पूर्ण फिरत नसतो. जागतिक हँडिकॅप पद्धतीत गेल्या ३६५ दिवसांतल्या सर्वांत कमी हँडिकॅप इंडेक्सच्या वर तीन फटक्यांनंतर वाढ मंदावते आणि पाच फटक्यांवर थांबते. खोटी वाढ रोखण्यासाठी ही तरतूद उत्तम आहे, पण खरोखर जायबंदी झालेल्यावर ती अन्याय करू शकते. अशा वेळी हँडिकॅप कमिटीला या मर्यादा बाजूला ठेवण्याचा अधिकार असतो, म्हणून कॅप्टनने त्या खेळाडूचे नाव यादीत लिहिण्याआधी कमिटीकडे तसा अर्ज करावा आणि तिचा निर्णय हाती येईपर्यंत त्याला राखीव ठेवावे.